गलबतावरचे शब्द

माझे सासरे, अप्पा, तरुणपणी गलबतावर तांडेल होते. त्यांनी हाक दिली की शिडं चढायची, उतरायची. पक्षाघाताने त्यांची वाचाच गेली. पाणी हवं असलं तरी नुसता हात हलवायचे.

काल संध्याकाळी मी त्यांना धक्क्यावर नेलं. खाडीतून एक होडी शीड उभारून येत होती. हल्ली असं क्वचितच दिसतं. अप्पांचे ओठ थरथरले.

"शीड," ते म्हणाले.

जरा वेळाने "डोलकाठी" आलं. मग "सुकाणू", तेही मूठ वळवून. पाणी, भात, खुर्ची हे रोजचे शब्द हरवले होते आणि हे शाबूत होते. ज्यांच्या भरवशावर माणूस वादळातून घरी परतला, ते शब्द त्याला सहजी सोडत नसावेत. वारा सुखाचा होता. आम्ही बसून राहिलो.

घरी आल्यावर सासूबाईंनी सवयीने त्यांनाच विचारलं, "कोणी नेलं होतं हो धक्क्यावर?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. नाव शोधलं, सापडलं नाही. मग हसले.

"माझा खलाशी."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझं नाव सावकाश येऊ दे. तोवर ही नेमणूक मला पसंत आहे.