तलवारींवर उभी असलेली बाई

हल्ली जुन्या बाजारात नाचाचे जुने फोटो मांडलेले असतात. कुणी थाळीच्या काठावर नाचतेय, कुणी बताशांवर, कुणाच्या डोक्यावर सात घागरी. लोक हातात घेऊन कौतुक करतात. मी तिथं थांबत नाही. असा एक फोटो आमच्या अंगणात काढलेला आहे, आणि तो मी रंगवलेला आहे.

निजामाच्या काळात सेलूला आमच्या यजमानांचा फोटोचा धंदा होता. धंदा म्हणजे एक लाकडी कॅमेरा, ज्यांवर फोटो उतरायचा त्या काचांच्या पेट्या आणि मी. ते फोटो काढत. मी काचेवरचे डाग बुजवी आणि छापलेल्या फोटोंना रंग देई. वकिलांच्या शेरवान्या, व्यापाऱ्यांच्या पोरांचे गाल, सगळं माझ्या कुंचल्याखालून जाई. काळे गाल गुलाबी करून देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. माझी नजर चांगली होती आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

कापूस बाजारात आला की गावात तंबूचे खेळ येत. त्या साली नाचाची एक कंपनी आली. लाकडी चौकटीत दोन तलवारी धार वर करून बसवलेल्या आणि त्यांवर एक बाई नाचायची. माझ्याच वयाची असेल, वीस-बावीस वर्षांची. मालकाला तिचे फोटो तंबूच्या दाराशी विकायचे होते. फोटोसाठी म्हणून त्यानं बेगड लावलेल्या लाकडी तलवारी आणल्या होत्या.

"ह्या खोट्या हायेत हे लेकरालाबी कळंल," मी म्हणाले. "खऱ्या आणा."

मालकाला ते पटलं. ती बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्का, नाचताना पाय एका जागी ठरत न्हाई, म्हणून कापत न्हाई. उभं ऱ्हायलं की धार लागती."

"दोन घटकेचं काम हाय," मी म्हणाले. मला फोटो दिसत होता, ती दिसत नव्हती.

आमच्या काचा मंद होत्या. भिंगावरचं झाकण काढलं की सहा आकडे मोजून होईपर्यंत माणसानं हलायचं नाही. पहिल्या खेपेला ती हलली, ती काच वाया गेली. दुसऱ्या खेपेला हात वर करून, हसऱ्या तोंडानं ती अशी उभी राहिली की यजमानांनी शांतपणे सहा आकडे मोजले. उतरली ती खाली बसलीच. डाव्या तळव्यात आडवी चीर गेली होती. मी हळद आणून दाबली. अंगणात आम्ही चौघंच होतो.

काच धुतल्यावर पात्यावरून खाली गेलेली एक रेघ दिसली. लाल रंग त्या काचांवरून छापताना काळा उमटायचा. मालक म्हणाला, "वैनी, तेवढं बुजवा." बुजवणं तर माझं रोजचंच काम. मी काचेवरच रंग भरला, तो पुन्हा निघण्यासारखा नव्हता. छापलेल्या फोटोत पातं लख्ख आलं. तिच्या पावलांना मी अळताही लावला. मला माझं काम आवडलं होतं, हे सांगायची आज लाज वाटते.

पंधरा दिवसांत तिचा पाय पिकून मांडीपर्यंत सुजला. कंपनीत एक रिवाज होता. खेळाच्या कामात जखम झाली, तर बरं होईपर्यंत मालकानं खायला घालायचं आणि बरोबर न्यायचं. बाहेरची जखम ज्याची त्यानं बघायची. मालक म्हणू लागला, ही नदीवर गेली आणि तिथं काचेवर पाय दिला. मुक्काम हलायच्या दिवशी सकाळी सगळे नाचणारे-वाजवणारे तंबूत निवाड्याला बसले आणि तिनं आम्हाला बोलावणं धाडलं. यजमान मानवतला लग्नाचे फोटो काढायला गेले होते. मी एकटी गेले.

मालकानं सतरंजीवर फोटो ठेवला. "बघा. तलवारीवर उभी हाय आन् हसायलीय. रगताचा ठिपका हाय का?"

म्हातारा ढोलकीवाला तो उजेडाकडं धरून लय वेळ बघत राहिला. "न्हाई दिसत," तो म्हणाला.

"आक्का सांगतील," ती म्हणाली. "त्या तिथंच हुत्या. त्यांनीच हळद लावली." आणि ती पायाचं फडकं सोडू लागली.

मला मालकाची भीती नव्हती. फोटोचे पैसेही कधीच मिळाले होते. पण खऱ्या तलवारी मी मागितल्या, तिनं सांगूनही मागितल्या, हे वीस माणसांसमोर निघालं असतं. एवढंच कारण. दुसरं मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

ढोलकीवाल्यानं विचारलं, "बाई, रगत आलं हुतं का त्या दिशी?"

"मला न्हाई दिसलं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. अर्धं सोडलेलं फडकं तिनं पुन्हा नीट गुंडाळलं आणि गाठ मारली. दुपारच्या गाडीनं कंपनी पूर्णेकडं गेली, तिला सोडून.