चुकांची बैठक, तर्री-पोह्यांसह

जिथे विमानं कमी उतरतात, तिथे किस्से जास्त उतरतात. आमची धावपट्टी चंद्रपूरच्या बाहेर, जंगलाला अगदी चिकटून. वर्षानुवर्षं तिथे कधीमधी मंत्र्यांचं हेलिकॉप्टर सोडलं तर फक्त वाराच उतरायचा. बाकी वेळ आम्ही बसलेलो. बसलेल्या माणसांकडे दुसरं काय साठणार, सांगा?

मग एकदम बातमी आली की आमच्याकडून छोटं प्रवासी विमान सुटणार! पण त्याआधी सुरक्षेची पाहणी होणार, आणि ती करायला साता समुद्रापलीकडून माणसं येणार. ती माणसं 'हो' म्हणाली तर विमान, 'नाही' म्हणाली तर पुन्हा गेटला कुलूप, आणि आम्ही सगळे कंत्राटी लोक घरी.

मी रोज धावपट्टी तपासायची आणि आलेल्या पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम करायची. वरोऱ्याची मी, मेश्राम. मला नवरा होता, नवऱ्याला नोकरी होती, माझं कसंही निभलं असतं. खरा जीव टांगणीला लागला होता तो रामटेके भाऊंचा. हे आमच्या आगीच्या बंबाचे ड्रायव्हर, मूळचे सावलीचे. अर्धं आयुष्य गुजरातमधल्या कारखान्यात बंब चालवला, बायको-पोरी इकडे सावलीत. आमच्याकडे जागा निघाली तेव्हा कमी पगारावर धावत आले. ते म्हणायचे, "मॅडम, आता वापस गुजरातले जाची ताकद नाई मह्यात."

* * *

पाटणकर साहेब आमचे मॅनेजर. पुण्याचे. इस्त्रीची घडी मोडेल म्हणून माणूस खुर्चीतसुद्धा ताठ बसायचा. त्यांनी आम्हाला गोळा करून समजावलं, "हे बघा, जगात कुठेही विमानाच्या बाबतीत काही चुकलं, की विमानं बनवणाऱ्या कंपन्या, विमानं चालवणाऱ्या कंपन्या आणि देशोदेशीची सरकारं ते एकमेकांना सांगतात. एरवी धंद्यात एकमेकांचे गळे कापतील, पण इथे लपवाछपवी नाही. एकाची चूक सगळ्यांना कळते, म्हणून दुसरा वाचतो."

रामटेके भाऊ खूश झाले. "म्हंजे साहेब, साऱ्या जगाच्या चुका आपल्याले फुकटात भेटतेत!"

"हो. आणि आपल्या चुका आपण त्यांना द्यायच्या."

भाऊंचा चेहरा पडला. "ते मंग महाग पडल!"

* * *

पाहणीला आलेल्या पथकात मुख्य दोघं. बिआत्रिस मॅडम ब्राझीलच्या, विमान बनवणाऱ्या कंपनीच्या. कॉलिन साहेब कॅनडाचे, तिथल्या सरकारच्या विमान खात्यातले. एक कंपनीची, एक सरकारचा, तरी दोघं एका ताटात पोहे खायचे! आमच्याकडे एकाच ऑफिसातले दोन विभाग एका टेबलावर बसत नाहीत.

त्यांनी आल्या आल्या एक पद्धत सुरू केली. रोज सकाळी तर्री-पोहे खाता खाता प्रत्येकाने स्वतःची एक चूक सांगायची. कोणी रागवायचं नाही, कोणाला शिक्षा नाही. आम्ही तिचं नाव ठेवलं चुकांची बैठक.

पहिल्या दिवशी काय ती शांतता! पोह्याची तर्री गार झाली, पण कोणाची चूक निघेना. आमच्यापैकी कोणी जन्मात चुकलंच नव्हतं. शेवटी बिआत्रिस मॅडमनी स्वतःची सांगितली. त्यांनी तपासलेल्या एका आकृतीत एक नट उलटा दाखवला गेला होता. लक्षात आल्यावर त्यांनी स्वतः कळवलं, आणि किती तरी देशांतली विमानं जमिनीवर थांबवून तपासावी लागली. आम्ही गार! हे सांगूनसुद्धा बाईची नोकरी शाबूत होती.

मग सगळ्यांनी पाटणकर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "माझी चूक एकच. मी या लोकांवर विश्वास ठेवतो."

मी त्याचं भाषांतर केलं नाही.

* * *

मोहाचे दिवस होते. एका सकाळी मी कॉलिन साहेबांना घेऊन धावपट्टी बघायला निघाले तर पट्टीच्या टोकाला ही मोठी पिवळट चादर पसरलेली. जवळ गेलो तर मोहफुलं! शेजारच्या गावातल्या बायांनी भिंतीच्या खिंडारातून येऊन वाळत घातली होती. डांबर कसं छान तापतं, दुपारपर्यंत कडकडीत.

एक म्हातारी राखणीला बसली होती. कॉलिन साहेबांनी नम्रपणे विचारायला लावलं की हे इथून हलवता येईल का. म्हातारी म्हणाली, "विमान कवा येते?"

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात."

"मंग पुढच्या महिन्यात उचलतो ना!"

साहेबांना हसू आवरेना. पण त्यांनी पाटणकर साहेबांच्या मागे लागून भिंतीबाहेर एक पक्का सिमेंटचा ओटा बांधून घेतला, खास मोहासाठी. बाया खूश, आम्ही खूश. दोन दिवसांनी पाहतो तर मोह पुन्हा धावपट्टीवर!

"आजी, ओटा दिला ना तुम्हाला?"

"ओटा चांगला हाय बाई. पन तिथी डुकरं येतेत. इथी तुमी दिवसभर राखता!"

शेवटी ओट्याला तारेचं कुंपण घालून दिलं, तेव्हा कुठे धावपट्टी मोकळी झाली.

* * *

आमच्याकडचा खर्रा तुम्हाला ठाऊक असेल. सुपारी-तंबाखू प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटायची आणि पन्नी वाऱ्यावर सोडायची. धावपट्टीवरून एकदा चालत गेलं की ओंजळभर पन्न्या मिळायच्या. बिआत्रिस मॅडमनी सांगितलं की उडत्या वस्तू इंजिनात गेल्या तर काय होतं, आणि फोटो दाखवले. रामटेके भाऊ फोटो पाहून इतके घाबरले की तोंडातला खर्रा गिळून बसले!

खर्रा सोडा म्हणून सांगणं म्हणजे चंद्रपूरच्या माणसाला उन्हाळा सोडा म्हणण्यासारखं. तेव्हा भाऊंनीच गेटवर फळी लावली, फळीला खिळे ठोकले, खिळ्याखाली नावं. आत जाताना ज्याने त्याने आपली पुडी खिळ्याला लटकवायची, बाहेर पडताना घ्यायची. देवळाबाहेर चपला काढतो तसं. पट्टी साफ!

बिआत्रिस मॅडमनी त्या फळीचा फोटो काढला आणि पाठवला जगभर. काही दिवसांनी उत्तर आलं की कुठल्याशा देशातल्या विमानतळावर कामगारांच्या च्युइंगमसाठी तशीच फळी लावली. मी भाऊंना वाचून दाखवलं.

भाऊ गंभीर झाले. "पाहा मॅडम. खिळे फॉरेनले गेले, आन मह्या पासपोर्ट बी नाई!"

* * *

आठवड्यातून एकदा व्हिडिओवर मीटिंग असायची. देशोदेशीचे लोक आपापल्या धावपट्टीवरचे धोके सांगायचे. कोणी म्हणे बर्फ, कोणी म्हणे ससे, कोणी म्हणे समुद्रपक्षी. आमची पाळी आली. पाटणकर साहेबांनी टाय नीट केला आणि म्हणाले, "टायगर."

पलीकडे चिडीचूप! कोणीतरी विचारलं, "आवाज गेला का?"

"नाही, नाही. टायगर. पट्टे असलेला."

एका बाईंनी जरा सावरून विचारलं की त्याला धावपट्टीवरून हटवण्याची तुमची पद्धत काय? साहेब अडखळले, मागे वळून पाहिलं. मागे रामटेके भाऊ उभे होते. म्हणाले, "सांगा ना साहेब. तो हटेपर्यंत आमी हटतो!"

* * *

यावरूनच कोडापे बाईंनी एक गोष्ट सांगितली. कोडापे बाई कुरखेड्याकडच्या, धावपट्टीच्या कडेचं गवत कापायच्या, एरवी फारशा बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, "आमी मोहा वेचाले रानात जातो ना, तवा कोनी वरडला 'आला!' का सगळे पळतो. मंग पाह्यलं तं कधी डुक्कर निंगते, कधी कुत्रं, कधी काहीच नाई. पन वरडनाऱ्याले कोनी हासत नाई."

"काऊन?" रामटेके भाऊंनी विचारलं.

"हासलं तं पुढच्या खेपेले तो वरडनार नाई ना, भाऊ."

मी भाषांतर केलं. बिआत्रिस मॅडम आणि कॉलिन साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मॅडमनी मग एक शंका काढली. समजा, एखादा रोजच उगाच ओरडत असेल तर?

"त्याले घरी ठेवतो. भात रांधाले."

त्या दिवसापासून मात्र बैठकीत चुका पडायला लागल्या. गेटवरच्या चौकीदाराने कबूल केलं की दुपारी त्याचा डोळा लागतो. मला वाटलं, गेला बिचारा! पण त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त त्याची पाळी बदलली. तो इतका हलका झाला की पोह्याच्या दोन प्लेटी खाल्ल्या.

रामटेके भाऊंना मात्र हे पटत नव्हतं. मला हळूच म्हणाले, "डुलकीसाठी कोनी नाई काढत, मॅडम. मोठी चूक होऊ द्या कोनाची. मंग पाहू काय म्हनतेत."

* * *

आणि मग तो दिवस उजाडला. पाहणीवाल्यांचा 'हो' आला होता, उरली होती विमानाची चाचणी. मंडप, बँड, आमदार, अधिकारी, शाळेची पोरं, आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांत बिआत्रिस मॅडम आणि कॉलिन साहेब. बायांनी मोह सोडून गर्दी केली होती. विमान दूरवर दिसायला लागलं, बँडवाल्यांनी दणक्यात सुरुवात केली. रेडिओ पाटणकर साहेबांच्या हातात, मी त्यांच्या शेजारी. रामटेके भाऊ पलीकडे पट्टीच्या कडेला, बंबावर.

विमान खाली यायला लागलं आणि माझ्या वॉकीटॉकीवर भाऊंचा आवाज आला, "मॅडम, थांबवा! थांबवा! मह्या पाना पट्टीवर राह्यला! सकाळी तिथीच बंबाच्या शिडीचे बोल्ट आवळले, पाना सापडून नाई राह्यला!"

मी पाटणकर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मंडपाकडे पाहिलं, आमदारांकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि रेडिओवर म्हणाले, "उतरू नका. फिरून जा."

विमान आमच्या डोक्यावरून गर्जत निघून गेलं. बँड मध्येच बंद पडला. आमदार टाळी वाजवायला हात वर करून तसेच उभे!

आम्ही सगळे पट्टीवर धावलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. पाना कुठेच नाही. शेवटी भाऊंनी आपल्या आगीच्या कोटावर हात फिरवला, आणि जागच्या जागी थिजले. पाना आतल्या खिशात होता.

विमान दुसऱ्या फेरीत नीट उतरलं. हारतुरे झाले, पेढे वाटले. भाऊंकडे कोणी पाहिलं नाही, आणि मला तेच जास्त लागलं. संध्याकाळी बंब धुता धुता ते बायकोशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "बॅग भरून ठेव मही. गुजरातचं पाहा लागल आता." मला रडू येत होतं, पण बोलणार काय? पाना खिशात होता ही गोष्ट तर खरीच होती.

दुसऱ्या दिवशी बैठकीला त्या विमानाचे कॅप्टन नायरही आले होते. पोह्याला कोणी हात लावला नाही. भाऊ उभे राहिले. काही लपवलं नाही, सगळं सांगितलं, आणि पाना खिशातून काढून साहेबांपुढे टेबलावर ठेवला. जणू बंबाची किल्लीच परत करत होते. बिआत्रिस मॅडम काही बोलणार तेवढ्यात कॅप्टन नायरनी हात वर केला.

"माझीही एक चूक आहे. पहिल्या फेरीत माझा वेग फार होता, उंचीही जास्त होती. मी स्वतःच फिरून जायला हवं होतं. पण खाली मंडप दिसला, बँड दिसला. इतक्या लोकांसमोर परत फिरायची लाज वाटली. म्हटलं, बसवू कसंही. पट्टी पुरली नसती. तेवढ्यात रेडिओवर आवाज आला. एवढं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं."

पाटणकर साहेबांनी चष्मा काढला, आणि या वेळी डोळे पुसले. मग पाना उचलून भाऊंच्या हातात दिला आणि पोह्याची प्लेट त्यांच्यापुढे सरकवली.

भाऊ प्लेटकडे बघत राहिले. मग घाईघाईने उठून दारापाशी गेले. फोन लावला. त्यांना वाटलं ते हळू बोलताहेत, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"हालो... हो, झाली मीटिंग. बॅग भरली का? पूरी भरली?... मंग काढ वापस सगळे कपडे!"