वेबसाइटच्या पाच पानांचा भाव

माझ्या मुलीने मला फसवलं. जावयाने तिला साथ दिली, आणि जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने माझ्याकडून पैसे घेऊन तोंडावर खोटं सांगितलं. तिघंही भली माणसं आहेत, म्हणून तर राग जास्त येतो. वाईट माणसाने फसवलं तर दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं.

धुळ्यात माझा मसाल्याचा आणि पापडांचा धंदा होता. ऐंशी सालच्या सुमारास घरातल्या एका खोलीत सुरू केला. काळा मसाला, ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड. मिरची आणायला मी स्वतः नंदुरबारला जायचे. व्यापाऱ्याने भाव सांगितला की मी निम्म्यावर यायचे. तो ओरडायचा, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे, आणि शेवटी माझ्याच भावात पोती रिक्षात चढायची. पाठीमागे तिथल्या लोकांनी मला एक नाव ठेवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मी सांगितलेला भाव हाच खरा भाव, अशी माझी खात्री होती. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा हाताखाली गल्लीतल्या बऱ्याच बायका लाटायला बसत होत्या.

मुलगी जळगावला दिली होती. जावई नोकरीला. लग्नानंतर ती एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागली आणि वर्षभरात तिथेच पोरांना शिकवायला लागली. एकदा ती म्हणाली, "आई, आमचे सर वेबसाइट करून देतात. तुझ्या मालाची करू या. परदेशातला माणूससुद्धा बघू शकतो."

मी तिचे सर बघायला गेले. तिशीतला मुलगा, दाढी नीट केलेली, बोलणं मऊ.

"पाच पानं होतील, काकू," तो म्हणाला. "पहिलं ओळखीचं, मग मालाचं, भावाचं, फोटोंचं, शेवटी पत्ता. पानामागे दोन हजार. नावाचं वर्षाचं भाडं आणि जागेचं भाडं वेगळं."

"कुठली जागा?"

"अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटरवर आपल्याला जागा भाड्याने घ्यावी लागते."

"मी धुळ्यात पापड विकते. अमेरिकेत जागा कशाला? आणि नावाचं भाडं कसलं? नाव माझं, आणि भाडंही मीच भरू?"

तो समजावत राहिला. मी ऐकत नव्हते, हिशोब करत होते. पानामागे दोन हजार, म्हणजे पानं कमी केली की झालं.

"बठ्ठं एकाच पानावर बसाड ना भाऊ," मी म्हटलं. "बारीक अक्षरात. एका पानाचे दोन हजार घे."

"काकू, हे पान कागदाचं नसतं."

"कागदही लागत नाही? मग दोन हजार कशाचे?"

त्याने कपाळाला हात लावला. मी उठले. जिन्यापर्यंत गेलं की हाक येते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. त्याने हाक मारली नाही. मग विसरलेली पिशवी घ्यायला मलाच परत जावं लागलं. पिशवी मी मुद्दाम विसरत असे.

दुसऱ्या खेपेला बिबड्यांचं पुडकं घेऊन गेले. सगळं धरून साडेतीन हजार देते म्हटलं. तो म्हणाला, "काकू, नका करू वेबसाइट. तुमचा माल असाही खपतो." मला ते लागलं. गरज नाही असं गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघत होते. मी इतक्या जोरात बोलले की क्लासमधली पोरं कॉम्प्युटर सोडून माझ्याकडे वळली. बिबडे तिथेच टाकून मी धुळ्याची एसटी धरली.

आठवड्याने मुलीचा फोन आला. "आई, सर तयार झालेत. तू म्हणालीस तेवढ्यातच."

"तेवढ्यातच? भाडं धरून?"

"भाडं धरून."

मी लाटणाऱ्या बायकांना हे सांगितलं तेव्हा पोळपाटावरचे हात थांबले. "अक्का, तुम्ही तर अमेरिकेलाही सोडलं नाही," एकीने म्हटलं. त्या दिवशी सगळ्यांना चहाबरोबर जिलेबी दिली. धंद्यात इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. त्या माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आईच्या हातचं खातात. माझी लेक आली, पण झोक्याकडे फिरकली नाही. बिबड्यांचे दिवस होते, मी सकाळपासून अंगणात. ती माझ्या बाजूला बसून राहायची. कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. मी खाटेवर ओलं फडकं टाकून त्यावर बिबडे थापत होते आणि ती माझ्या हातांचे फोटो काढत होती.

"माझे हात कशाला? तोंडाचा काढ की."

"तोंड तुझं रागीट येतं."

आणि प्रश्न तरी किती! मसाल्यात खोबरं आधी भाजायचं की कांदा? मिरची नंदुरबारचीच का? पहिला किलो कोणी घेतला? मी म्हटलं, "सणाला आलीस की सर्व्हे करायला?" ती हसली. पोरीला घरची आठवण येत असेल, असं मला वाटलं. मग मीही सांगत बसले. पहिला किलो शेजारणीने घेतला होता. संध्याकाळी तिखटजाळ आहे म्हणून परत आणून दिला, आणि दोन दिवसांनी तिच्या सासऱ्याने तोच मागायला तिला परत पाठवलं. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती, पाचवीत असताना ऐकायची तशी.

जावई न्यायला आले. मांडे आणि आमरसाचं जेवण केलं. वाटीत बघत म्हणाले, "वेबसाइटचं काम चांगलं चाललंय, असं कळलं." मी म्हटलं, "चालेल नाही तर काय, माझ्यासारखं गिऱ्हाईक भेटलंय त्याला." त्यांनी आणखी रस मागितला. एरवी ते दुसरी वाटी घेत नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाला क्लासमध्ये मला वेबसाइट दाखवली. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. आधी ओलं फडकं दिसलं, मग बोटं, मग माझ्या बांगड्या. पूर्ण दिसायला इतका वेळ लागला की माझे डोळे का भरले ते लपवायला मला सवड मिळाली. तरी सवयीने त्या सरांना म्हटलं, "हिरवा रंग जास्त झालाय." त्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं. माझी मुलगी म्हणाली, "कमी करता येईल."

ऑर्डरी काही धो धो आल्या नाहीत. पण मूळचा रावेरचा एक माणूस परदेशात कुठल्या तरी बर्फाच्या गावी राहत होता, त्याने काळा मसाला मागवला. ते पार्सल मी स्वतः शिवलं. गल्लीत त्याचं कौतुक कितीतरी दिवस पुरलं.

दिवाळीनंतर मी लोणची सुरू केली. दोन पानं वाढवायची होती. मुलीला कळवलं नाही. दर वेळी तिला मध्ये घातलं तर सासरचे म्हणतील, ही आईचीच कामं करते. पारोळ्याला एसटी थांबली तेव्हा खिडकीतून शेंगा घेतल्या, आणि त्या खात खात मनात भाव ठरवला. पाच पानांना साडेतीन हजार, तर दोन पानांना बाराशे बास.

सरांना मी तो भाव सांगितला. ते आधी हसले. मग हसू गेलं.

"काकू, बाराशेत मी क्लास झाडूनही देणार नाही."

"मागच्या वेळी कसं दिलंस?"

"मी दिलंच नाही." त्यांचा मऊ आवाज पहिल्यांदा चढला. "तुमचे साडेतीन हजार नावाच्या आणि जागेच्या भाड्यात गेले. ते भाडं कोणाला चुकत नाही, तुम्हालाही नाही. पानं बनवायची मेहनत वेगळी, फोटो कॉम्प्युटरवर चढवायचे वेगळे, पुढे बदल करायचे तर तेही वेगळे. तुम्ही पापडाचा भाव सांगता तेव्हा उडीदही धरता आणि लाटणारीची मजुरीही धरता ना? इतक्या कमी पैशात कोणी सगळं करून देतो म्हणाला, तर समजायचं की कोणीतरी घरचं घालतंय."

"कोण घालतंय?"

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "मी तुम्हाला ‘नाही’ म्हणून मोकळा झालो होतो. तुमच्या मुलीने मला हो म्हणायला लावलं. पाचही पानं तिची आहेत. मी फक्त नाव लावलं. आता घरी जाऊन तिला बोलू नका, नाहीतर मला सांगितल्याचा पश्चात्ताप होईल."

मी तडक मुलीच्या घरी गेले. जावई कामावर होते. ती दारात येताच म्हणाली, "काय वं माय, अचानक?" आणि माझं तोंड बघून तिला कळलं. आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली.

आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. प्यावंच लागलं तर तिच्या हातावर पैसे ठेवून. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. मी तांब्याकडे बघितलंही नाही.

"पी," ती म्हणाली. "माझ्याकडून वेबसाइट घेऊन बसलीस, आता पाण्याने काय विटाळणार आहेस?"

"मला विचारून दिलीस का? विचारलं असतंस तर घेतली असती का मी?"

"म्हणूनच नाही विचारलं."

"मी त्याच्याशी भांडून भाव पाडला, असं मी गावभर सांगितलं. जिलेबी वाटली."

"माहीत आहे. फोनवर तू किती खूश होतीस! मला वाटलं, असू दे."

"तुझी मेहनत फुकट गेली ना पण!"

"फुकट कशी?" आता तिचाही आवाज चढला. तो माझाच आवाज आहे, जरा बारीक. "लग्नात तू मला सगळं दिलंस. भांडी, कपाट, शिलाई मशीन. पण तुझ्या धंद्यात माझं काय आहे? लग्न झालं आणि दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्याकडे पाहुणी. पोळपाट हातात घेतला तरी काढून घेतेस, लेक माहेरी आली, तिने काम करायचं नाही म्हणून. मला काहीतरी करायचं होतं आई, तुझ्यासाठी. तू नाही म्हणू शकणार नाहीस असं."

मी तांब्या उचलून पाणी प्यायले, सगळं. मग पर्समधून नोट काढली तर तिने माझा हात धरून पर्स बंद केली.

माझे वडील बैलबाजारात दलाली करायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाकीच्यांना कळत नाही, आणि तोंडाने मागायची वेळ कोणावर येत नाही. मी माझा पदर आमच्या दोघींच्या हातांवर टाकला. "तोंडाने सांगू नकोस," मी म्हटलं. "बोटं दाब. जो भाव दाबशील तो देईन. घासाघीस करणार नाही, तुझ्या आजोबांची शपथ."

पदराखाली तिचं बोट हललं नाही. तिने माझा हात तेवढा धरला, घट्ट, आणि सोडेचना. आकडा काही दाबला नाही. खाली शाळा सुटल्याचा गलका झाला तरी आम्ही तशाच बसून होतो.

ती दोन पानं तिनेच वाढवली. मला रंगही विचारला नाही. पुढे ज्या दुकानदाराने मला वेबसाइटचा भाव विचारला त्याला मी सांगितलं: दोन्ही भाडी धर, बनवणाऱ्याची मजुरी धर, आणि आकडा फार गोड वाटला तर तो कोणाच्या घरातून निघालाय ते आधी बघ.

पण माझा प्रश्न तसाच आहे. धंदा मी स्वतः उभा केला, आयुष्यात कोणाचं फुकट घेतलं नाही, आणि पोटच्या पोरीचं सात पानांचं काम माझ्या अंगावर आहे. तिला विचारलं की ती हसते. जावयांना विचारलं की ते म्हणतात, "मी यात पडत नाही." तुम्ही पडलात, जावईबापू. माझ्याकडे रस पीत असताना तुम्हाला सगळं माहीत होतं. तेव्हा आता दोघांपैकी कोणीतरी मला भाव सांगा. कमी करून सांगू नका, मला कमी केलेला आकडा लगेच ओळखू येतो. पूर्ण भाव सांगा. मी वाट बघते आहे.