मुलगा जर्मनीत असतो

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात शशिकांत सरदेशमुखांचं घर विचारलंत तर कुणीही म्हणेल, "म्हणजे आपले जनरल ना?" हा जनरल दिवसभर एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो आणि संध्याकाळी लॅपटॉप मिटला की अमेरिकेचं परराष्ट्र धोरण. डेटाबेसचा निदान पगार तरी मिळतो. धोरणाचा नुसता ताप, आणि तोही सगळा बायकोच्या डोक्याला.

बायको आसावरी. मूळची नागपूरची, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, हे तिचं काम. घरी गोड शब्द वापरायची तिला सवय नाही. ती म्हणते, या माणसानं जन्मात एक झुरळ मारलं नाही. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून "आसावरीऽ!" म्हणून ओरडतो, आणि टीव्हीसमोर बसला की मुलूखच्या मुलूख बेचिराख करतो. चिवडा खात.

इराकवर हल्ला झाला तेव्हा शशिकांत एच-वन-बी व्हिसावर होता. नोकरी आज आहे, उद्या नाही, अशी अवस्था. तरी बोलताना म्हणायचा, "आपण बगदादमध्ये घुसलो." लिबियाच्या वेळी ग्रीन कार्डच्या रांगेत उभा, तरी "आपण त्रिपोली पाडलं." पुढे रीतसर नागरिक झाला, आणि त्यानंतर काबूल सोडून सैन्य परत आलं. तेव्हा मात्र म्हणाला, "घोळ घातला लेकाच्यांनी." जिंकलं की आपण, हरलं की ते. आसावरीनं हे एकदा भर पार्टीत बोलून दाखवलं, तर तो चार दिवस रुसून बसला होता.

आता शिवाजी जन्मावा, पण शेजाऱ्याच्या घरात, हे आपल्याकडे सगळ्यांनाच मान्य. शशिकांतला तर अगदीच मान्य. पण झालं काय, पोरगं ऐकत होतं! परीक्षित. इंग्रजीतून उत्तरं द्यायचा, म्हणून याला वाटायचं मराठी कानावरून जातं. कुठलं जातंय? लहानपणापासून वरणभाताबरोबर क्षेपणास्त्रं खाल्लेला पोरगा तो. कॉम्प्युटर सायन्सचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं आणि एअर फोर्समध्ये भरती झाला, विमानांच्या इंजिनांचा मेकॅनिक म्हणून.

घरात सुतक पडल्यागत झालं. मंडळातल्या बायका आसावरीला बाजूला घेऊन विचारायच्या, "मार्क कमी पडले का गं?" शशिकांत वर्षभर "एरोस्पेसमध्ये आहे" असं सांगत फिरला. मग परीक्षितचा गणवेशातला फोटो आला, शशिकांतनं घाबरत घाबरत ग्रुपवर टाकला, आणि त्यावर सलामांचा पाऊस पडला. त्या दिवसापासून हा जनरल. आता कुणी वाद घालायला लागलं की म्हणायचा, "माझा मुलगा फौजेत आहे, जर्मनीत." समोरचा गप्प.

फक्त, मुलगा आता जर्मनीत नव्हता.

वसंतात एकदा आसावरी एकटी घरी असताना परीक्षितचा व्हिडिओ कॉल आला. "आई, आयॅम मूव्हिंग टू कतार. प्लीज डोन्ट टेल बाबा. ही विल पोस्ट इट." आसावरी हसली. मग फोन ठेवला आणि सिंकचा नळ सोडून रडली. पण मुलाचं शंभर टक्के खरं होतं. शशिकांतला सांगायचं म्हणजे ग्रुपवर नकाशा आलाच, वर बाण, खाली "आपला परीक्षित इथे". तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेचा गाढा अभ्यास असलेल्या माणसाच्या घरात राष्ट्रीय सुरक्षा सांभाळली ती त्याच्या बायकोनं, त्याच्यापासूनच लपवून.

पण गुपित पोटात ठेवलं की पोट दुखतं. कुणाला तरी सांगावंच लागतं. आसावरीनं सांगितलं माहीनला.

माहीन शेजारीण. फार्मसिस्ट, आणि जन्मानं इराणी. रोज सकाळी दोघी इंग्रजीत गप्पा मारत तळ्याभोवती फिरायच्या. माहीन तिकडच्या मुल्लांना अशा काही शिव्या घालायची की आसावरीला फारसी येत नसूनही सगळं कळायचं. तिची बहीण इस्फहानला होती. म्हणजे बघा, अमेरिकन सैनिकाचा ठावठिकाणा त्याच्या अमेरिकन बापाला माहीत नाही, आणि इराणी शेजारणीला माहीत. सरकारला कळलं असतं तर फेफरं आलं असतं.

माहीननं कुठे चकार शब्द काढला नाही. उलट रोज भेटली की आधी तेच विचारायची, "मुलाचा मेसेज आला?"

जूनमध्ये आठवडाभर इस्रायल इराणवर हल्ले करत होता; केरमानशाहचा क्षेपणास्त्रांचा तळ उद्ध्वस्त झाला त्या दिवशी शशिकांतनं ग्रुपवर फटाके उडवले होते. मग शनिवारी संध्याकाळी अमेरिकेनंही इराणवर बॉम्ब टाकले. शशिकांतच्या आनंदाला पारावार नाही. "आसावरी, ये, ये! आपण आत घुसलो! इस्फहान, नतांझ, सगळं!" मंडळातले चौघे जेवायलाच आले होते. हा उलथनं हातात घेऊन समजावत होता, कुठला बॉम्ब किती खोल जातो, आता ते उलट कुठे मारतील, कुठल्या तळावर. "कतार," तो मिटक्या मारत म्हणाला. "मारलं तर कतारलाच मारणार." स्वयंपाकघरात आसावरीच्या हातातली भाताची वाटी पडली. कुणाचं लक्ष नव्हतं.

रविवारी तर कहर केला. अर्विंगच्या देशी दुकानातून पेढे आणले आणि वाटत सुटला. आपल्याकडे आनंद झाला की पेढे, मुलगा पास झाला काय, गाडी घेतली काय, तसंच हे. वाटत वाटत स्वारी पोहोचली माहीनच्या दारात! याचा हिशेब सरळ होता. ही मुल्लांना शिव्या घालते, म्हणजे खूश असणार. अरे, ढेकूण झाले म्हणून वैतागलेलं माणूस घराला काडी लागल्यावर नाचतं का? "काँग्रॅच्युलेशन्स, माहीन! युवर कंट्री विल बी फ्री!" माहीननं पेढा घेतला, थँक यू म्हणाली आणि दार लावलं. हे आसावरीला खिडकीतून दिसलं. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सोमवारी दुपारी दोघंही घरूनच काम करत होती. आसावरीची मीटिंग चालू होती, तेवढ्यात शशिकांत बाहेरच्या खोलीतून ओरडला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? कतार! सोडली क्षेपणास्त्रं!" आवाजात लॉटरीचा नंबर लागल्याचा आनंद. आसावरी मीटिंग तशीच सोडून उठली. उभ्याउभ्याच तिनं परीक्षितला मेसेज केला, "कुठे आहेस?"

तेवढ्यात दार वाजलं. माहीन. अनवाणी, डोळे सुजलेले. आत येता येताच तिनं विचारलं, "परीक्षित? एनी न्यूज?"

"परीक्षित?" शशिकांत हसला. "तो जर्मनीत आहे, माहीन. ही क्षेपणास्त्रं कतारला निघालीत."

माहीननं आसावरीकडे पाहिलं. आसावरीनं मान खाली घातली.

शशिकांत हुशार माणूस. वेळ लागला नाही त्याला. आधी त्याचं तोंड उघडं राहिलं, मग तो खाली बसला, सोफ्यावर नाही, सोफ्यासमोर जमिनीवर. टीव्हीवर आकाशात ठिपके दिसत होते. परवा याच ठिपक्यांचा वेग त्यानं चौघांना सांगितला होता. आता तो फक्त "अगं... अगं..." करत होता.

"कधीपासून?"

"एप्रिल."

"हिला सांगितलंस, आणि मला नाही?"

"हिनं कुणाला सांगितलं नाही," आसावरी म्हणाली. "तू पेढे वाटतोस, शशी."

"माझ्या पोराच्या जिवाशी खेळलो असतो का मी?"

"कुणाच्या तरी पोराच्या जिवाशी खेळतच होतास की परवा. उलथनं घेऊन."

आसावरी देव आठवत होती, आणि एकाही देवाचं नाव नीट आठवेना. माहीन तिचा हात घट्ट धरून बसली होती. शशिकांत परीक्षितला फोन लावत होता, आणि तो लागत नव्हता. किती वेळ गेला देव जाणे. मग आसावरीचा फोन वाजला. "आई, आयॅम गुड. दे मूव्ह्ड अस अर्लियर. विल कॉल." शशिकांतनं तिच्या हातातून फोन घेऊन वाचला आणि लहान पोरासारखा हमसाहमशी रडला. माहीन दोघांच्या पाठीवरून हात फिरवत होती. "थँक गॉड, थँक गॉड," म्हणत होती, आणि तिचंही रडू थांबत नव्हतं.

आसावरीचे डोळे पुसून झाले, तरी माहीनचं चालूच. मग आसावरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "माहीन, बहिणीचा फोन लागला?"

"ती बरी आहे. काल एक मिनिट बोलली." माहीन थांबली. "आरश. तिचा मुलगा. एकोणीस वर्षांचा आहे. आमच्याकडे लष्करात जावंच लागतं गं, सक्ती असते. त्याला ट्रकवर ड्रायव्हर म्हणून टाकलाय, क्षेपणास्त्रांच्या तळावर."

आसावरी तिच्याकडे बघतच राहिली. कितीतरी सकाळी, तळ्याभोवती इतक्या फेऱ्या, आणि ही बाई रोज माझ्याच मुलाचं विचारत होती. "मला का नाही सांगितलंस?"

"काळजी करायला तुझा एक होता ना," माहीन म्हणाली.

मग तिनं नाक पुसलं आणि शशिकांतकडे वळली. टोमणा नव्हता त्यात, राग नव्हता. डॉक्टरला विचारावं तसं तिनं विचारलं, "शशी, तुला हे सगळं माहीत असतं ना? केरमानशाहचा तळ. तो राहिलाय का अजून?"

शशिकांतला माहीत होतं.