मामांचा निर्दोष आंबा

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे मामासासरे शेजारी उभे असते, तर आपण सगळे अजून अंधारातच चाचपडत असतो. सूर्य पुरता गोल नाही म्हणून त्यांनी तो परत पाठवला असता. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा, देवगडजवळच्या जामसंड्यात आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे. माझं खिळे-दोरखंडाचं दुकान, त्यामुळे त्यांचा पहिला तडाखा मलाच. मूठभर खिळे घ्यायचे असले तरी एकेक खिळा फळीवर घरंगळवून बघणार, आणि मागे गिऱ्हाइकं ताटकळत असताना सरळ आणि वाकडे असे दोन ढीग लावणार. सरळ खिळ्यांचा ढीग कधीच मोठा नसायचा. खिळे लाकडात ठोकायचे आहेत, देव्हाऱ्यात पुजायचे नाहीत, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! ते नुसते हसायचे आणि पुढचा खिळा उचलायचे.

एका वर्षी त्यांनी परसाभोवती चिऱ्यांचा गडगा घालायला घेतला. गडगा उभा राहिला, गावाने बरा म्हटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतःच तो उतरवत होते. मधला एक चिरा बोटभर पुढे आला होता म्हणे. पुन्हा घातला, पुन्हा उतरवला. तोवर शेजारच्या म्हशीने आत येऊन वाल, भेंडी, अळू, जे दिसेल ते फस्त केलं. मामी कपाळाला हात लावून ओटीवर बसल्या होत्या आणि मामा म्हशीकडे ढुंकूनही न बघता ओळंबा धरून उभे होते. अति तिथे माती म्हणतात, इथे तर माती म्हशीच्या खुरांनी उकरलेली समोरच दिसत होती.

बाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोयच नव्हती. बांगड्याचा डोळा बघणार, कल्ला उघडून बघणार, पोट दाबून बघणार, आणि मग त्याच्या शेजारच्या बांगड्यापासून पुन्हा सुरुवात. एकदा मासेवाली वैतागून म्हणाली, "अवो मामानू, तुमका बांगडो होयो काय जावय होयो?" सगळा बाजार हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या दिवसांत मामा खरोखरच जावई शोधत होते आणि त्यात आमच्या नाकी नऊ आले होते. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. गुणी पोर. तिच्यासाठी मी आणलेली स्थळं आठवली की अजून डोकं फिरतं. एकाचे कान पुढे आलेले, एक जेवताना बोलतो, एक जेवताना बोलतच नाही. खारेपाटणच्या एका मुलात काहीच खोट सापडेना, तेव्हा म्हणाले, इतको बरो माणूस, कायतरी लपवता. शेवटी सुमननेच मुंबईला नोकरी करणारा एक साधा, समजूतदार मुलगा आपला आपण पसंत केला. मामांनी तोंड उघडायच्या आत मामी कडाडल्या, "उद्या राम दारात इलो तरी तुमी म्हणशात धनुष्य वाकडा आसा. चेडवान बघल्यान तोच बरो. आता गप रवा." मामा ओळंबा उचलून परसात गेले. लग्न झालं, सुमन मुंबईला गेली.

आमच्याकडे रीत अशी की लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात लेकीच्या सासरी माहेरच्या हापूसची पेटी जायची. ती गेली की लेकीची मान ताठ, नाही गेली तर सासरी कुजबुज. मामांच्या दारातली कलमं त्या वर्षी लगडली होती. पेटी पहिल्या बोटीने जायला काही हरकत नव्हती, पण मामांना सुमनसाठी निर्दोष आंबा हवा होता. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ उतरवायचं, चिकाचा थेंब सालीवर दिसला की बाजूला, देठ मोडला की बाजूला. उरतील ते पेंढ्याच्या आढीत. तेही पिकल्यावर हुंगून, पारखून चार हाताशी राहायचे, आणि मग मामांना साक्याची शंका यायची. हापूसची ही जात अशी कपटी, की वरून सोन्यासारखा आंबा आणि आत पांढरट, आंबूस, नासका गर, तोच साका. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

"कापल्याशिवाय आतलो साको कसो कळतलो?" असं म्हणून मामा आंबा कापायचे. आत साका नसायचा. मामांचा चेहरा उजळायचा. आंबा पास! आणि कापलेला आंबा पेटीत घालता येत नाही हे लक्षात आलं की चेहरा पडायचा. मग दुसरा आंबा, पुन्हा सुरी. त्या हंगामात निर्दोष आंबे सगळे माझ्या पोरांनी खाल्ले, आणि मीही दात-ओठ खात पुष्कळ खाल्ले.

मे संपत आला. मुंबईहून आलेल्या एका शेजाऱ्याने ओटीवर बसून निरोप सांगितला, "बाबांचो राग अजून गेलो नाय काय, असा सुमन विचारी होती. सासरची माणसा पेटीची वाट बघतत." मामी डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. देवगडहून शेवटची आगबोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती, त्यानंतर पावसाळाभर समुद्र बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रिकामी पेटी ओढली आणि आढीतले जरा कच्चे आंबे पेंढ्यात भरायला लागलो. मामांनी माझा हात धरला.

"राग कसलो?" ते हळूच म्हणाले. "तिना बघलेलो घोव मी बघलेल्या सगळ्यांपेक्षा बरो निघालो. माका तां जमूक नाय. निदान आंबो तरी माझ्या हातून बरो जाऊदे."

इतका वेळ मी भांडायच्या तयारीत होतो. आता काय भांडणार? वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मामानू, तिका आंबो नको, पेटी होयी." त्यांनी हात सोडला. मी भरत होतो आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. पेटी शेवटच्या बोटीने गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सुमन नवऱ्याबरोबर माहेरी आली. चहा होतो न होतो तोच मामांनी वर्षभर दाबून ठेवलेला प्रश्न विचारला, "आंबे कशे होते?" मी मागून खुणा करत होतो, छान होते म्हण, एवढंच म्हण. पण पोरगी त्यांचीच. "चार-पाचांत साको होतो," ती म्हणाली. संपलं, मी मनात म्हटलं, आता जन्मभर ऐकून घ्यायचं.

"मगे?" मामांनी विचारलं.

"मगे काय? तेवढो काडून टाकलो नि रवलेलो खाल्लो. सासूबाय म्हणाली, तिच्या म्हायेरच्या आंब्यात पण असता. बिऱ्हाडा-बिऱ्हाडात फोडी वाटलंव."

मामांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सगळ्यांका पुरले?"

"पुरले, बाबा."

त्यांनी मान डोलावली. त्यानंतर दरवर्षी पेटी पहिल्या बोटीने जायला लागली. मी भरायचो, आणि मामा शेजारी बसून दर दुसऱ्या आंब्याला माझा हात धरायचे, कुरकुरायचे, मग सोडून द्यायचे. त्यात अख्खी दुपार जायची आणि माझं दुकान बंद राहायचं. आता मामा नाहीत. पेटी अजून मीच भरतो. कोणी हात धरत नाही, त्यामुळे ती फार लवकर भरून होते, आणि मग उरलेल्या दुपारी मला दुकान उघडावंसं वाटत नाही.