खाटेची नवार

धाकटी जाऊ विहिरीत पडली होती आणि पाणी काढायचा दोरही तिच्याबरोबर खाली गेला होता. तिला सातवा महिना होता. उन्हाळ्यामुळे पाणी छातीपर्यंतच, पण शेवाळावरून पाय निसटत होते. भिंतीतला एक दगड धरून ती वर बघत होती.

"वयनी, हात सुटतोय!"

"सोडलास तर वर आल्यावर बडवीन," मी ओरडले.

बोरिवलीत तेव्हा घरं लांब लांब होती. पुरुष कामाला गेलेले. घरी मी आणि सासू. हाक ऐकून शेजारच्या मळ्यातली बाई धावत आली. दुसरा दोर नव्हता. पण ढेकूण झाले म्हणून त्या दिवशी खाटेची नवार सोडून धुवायला भिजवली होती. चार बोटं रुंद, जाड सुताची लांबच लांब पट्टी, पिंपात सगळा गुंता झालेली. सुटेना म्हणून मी कोयता घेतला.

"कापू नको गो!" सासू ओरडली.

"इथे माणूस चाललंय आणि तुम्हाला नवारीचं पडलंय?"

"आखूड पडतली, गाढवा! दुहेरी सोडूक व्हयी."

तिने पिंप लाथेने पाडलं आणि खाली बसून गुंता सोडवला. मी कोयता बाजूला टाकला. दुमडलेल्या टोकाला मी न सरकणारी गाठ मारून फेर केला आणि नवार खाली सोडली.

"काखेत घे! पोटावर नको!"

जावेने घेतली. रहाटाच्या खांबाला नवारीचा वेढा दिला. मी आणि मळ्यातली बाई ओढायचो, सासू मागे ढील धरायची. दुहेरी नवार कशीबशी पुरली, मागे हातभर उरली. मी कापली असती तर खाली पोचलीच नसती. दोराने काखा सोलल्या असत्या. ही रुंद, नुसते लाल पट्टे उठले.

काठावर आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "आता बडव."

मळ्यातली बाई खो खो हसत सुटली. मी तिथेच चिखलात बसले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. सासूने जावेला कोरडं लुगडं दिलं, पोटावर हात ठेवून बघितलं. "हलता हा," म्हणाली आणि नवार वाळत घालायला गेली.

दोन महिन्यांनी जावेला मुलगी झाली. दोघी वाचल्या.