इंदूनं शिवलेला खिशाचा स्कर्ट

सुजाता, अशी जवळ ये बाई. दारात उभं राहून, चप्पल न काढता बोलायची तुझी सवय मला आवडत नाही. महिन्यापूर्वी सकाळी तशीच आलीस, "मावशी, आई गेली. रविवारी पुण्यानुमोदन आहे, या," एवढं बोललीस आणि मी पदर सावरून उठेपर्यंत रस्त्याला लागलीसुद्धा. मावशी म्हणायचं आणि पाणीही घ्यायचं नाही? बरं, ते सोडलं. पण रविवारी माइक हातात घेऊन तू काय बोललीस? "आईनं आम्हाला शिकवण्यासाठी सगळं केलं. कधीकधी करू नये तेही केलं." असं बोलतात का गं आईबद्दल, तिच्या फोटोसमोर, चार गावची माणसं बसलेली असताना? 'करू नये ते' म्हणजे काय, हे तिथल्या पुष्कळांना कळलं नसेल. मला कळलं. मी मागच्या सतरंजीवर बसले होते. मलाही दोन शब्द बोलायला बोलावलं, तर मी उठून "इंदू फार मनमिळाऊ होती, तिच्या हाताला गुण होता" असं काहीबाही बोलले आणि खाली बसले. म्हणजे आयुष्यात दुसऱ्यांदा गप्प बसले. पहिल्यांदा गप्प बसले त्याची गोष्ट सांगायला हा कागद पुढं ओढलाय. माझी शाळा चौथीपर्यंतची, लिहिणं सगळं आपलं आपण शिकलेलं, तेव्हा समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही. तू बस. पेपरच्या ज्या पुरवणीला हे धाडणार आहे ती तू वाचतेस आणि आमचं गावही वाचतं. दोघांनीही वाचावं.

तुझी आई आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन इथं आलो. मी राजुरीची, रस्त्याकडेच्या बागायतदारांच्या घरात पडले. ती शाळेमागच्या तुमच्या बौद्ध वस्तीत. धुणं धुताना ओळख झाली. मी साडी पिळत होते तर ही म्हणाली, "अगं, जरा हळू पीळ, कापडाला बी जीव असतो." मला हसू आलं. तेव्हापासून ती मला शालन म्हणायची आणि मी तिला इंदू. तुझे वडील ट्रकवर क्लीनर, महिन्यातून दोनदा घरी. मंचरच्या बाजारातून तिनं एक जुनं शिलाई मशीन आणलं होतं, पायडल मारलं की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. नवं कापड कुणी तिच्याकडं फारसं आणत नसे. तिच्याकडं यायचं ते जुनं. नवऱ्याची आखूड झालेली पँट, रंग उडालेला परकर, कुणाच्या तरी लग्नातला फाटका शालू. त्यातून ती पोरींना शाळेचे निळे स्कर्ट शिवायची. तिचा हात मी तासन्‌तास बघत बसायचे. आधी कातरी नाही, आधी ब्लेडनं उसवायचं. दोन पायांच्या चार पट्ट्या झाल्या की उन्हात उलट्या धरून बघायच्या, कारण कापडाची आतली बाजू उडालेली नसते. मग गुडघ्यावर आडवं कापायचं, आणि गुडघ्याचा चकाकणारा भाग चुणीच्या पोटात जाईल असं बेतायचं. खाली चार बोटं दुमड. दरसाल जून उजाडला की एक दुमड सोडायची, पोरगी वाढली तरी स्कर्ट पुरायचा. आणि पँटीचे खिसे ती कधी फेकायची नाही. पोरींच्या कपड्याला खिसा असतो हे आमच्याकडं पहिल्यांदा तिनं दाखवलं. शाळेतल्या पोरी खिशात हात घालून अशा चालायच्या, की मास्तरही हसायचे.

फक्त एक अट होती तिची. कुणीही गाठोडं टाकलं की ती पहिल्यांदा विचारायची, "कुणाचं हाय? माणूस जिता हाय न्हवं?" बाया थट्टा करायच्या. आमच्या शेजारची सखूबाई म्हणायची, "जिता हाय गं, पर कामाचा न्हाई." सगळ्या हसायच्या, इंदूही हसायची, पण उत्तर मिळाल्याशिवाय गाठोड्याला हात लावायची नाही. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा मान खाली घालून टीप मारता मारता बोलली. तिच्या आज्याला गावातल्या मढ्यावरचं कापड घ्यावं लागायचं. गाव त्याला हक्क म्हणायचं. त्याच कापडाचे आजीनं घरातल्यांना कपडे केले, तेच अंगावर घालून तिचा बाप लहानाचा मोठा झाला. बापानं धम्म घेतला त्या दिवशी घरी येऊन अंगावरची बंडी काढली, चुलीत घातली आणि लेकरांना सांगितलं, "ह्या घरात मेल्याचं कापड परत येणार न्हाई." इंदू म्हणाली, "आमी उपाशी राहू शालन, पर तेवढं न्हाई." हे मला ठाऊक होतं, सुजाता. नंतर जे झालं ते मला ठाऊक नसताना झालं, असं समजू नकोस.

माझा धाकटा दीर विलास. भोसरीला कंपनीत होता. सुट्टीवर घरी येताना हायवेवर गेला… सव्वीस वर्षांचा. त्याच्या दोन निळ्या पँटी सासूबाईंनी वर्षभर ट्रंकेत ठेवल्या होत्या. भोसरीच्या बसमध्ये खिसे कापतात म्हणून एका पँटीच्या खिशात त्यांनी स्वतः चोरखिसा शिवून दिला होता, स्वतःच्या लाल लुगड्याच्या तुकड्याचा. वर्षश्राद्ध झालं आणि त्या मला म्हणाल्या, "जा, नदीला सोडून ये. मला बघवत न्हाई." मी गाठोडं घेऊन निघाले. वाटेत हात लावून बघितलं, तर कापड कसं होतं म्हणून सांगू! नदीत घालायचं हे? तू त्या साली पाचवीत जाणार होतीस आणि तुझ्या स्कर्टला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागायचं. मी नदीच्या वाटेनं न जाता तुमच्या वस्तीकडं वळले. माया होती, नाही म्हणत नाही. पण घरचं काही न जाता देण्याचा मोठेपणाही मिळत होता, तोही मला हवा होता.

"कुणाचं हाय?" इंदूनं विचारलंच.

"माझ्या भावाचं, राजुरीच्या. पोट सुटलंय त्याचं, बसत न्हाईत."

"जिता हाय न्हवं?"

"जिता? अगं, दोन भाकऱ्या जास्त खातो!"

ती खळखळून हसली. माझा भाऊ काडीसारखा होता, तिनं त्याला बघितलेलं नव्हतं. पँट उसवताना तिला तो लाल चोरखिसा दिसला, तेव्हा बराच वेळ बोटानं चाचपत राहिली. म्हणाली, "तुझ्या भावजयचा हात लई बारीक हाय गं. असं टाकं मला बी येत न्हाईत. ह्यो असाच ठिवते सुजीला." मी हो म्हटलं. तेव्हा तरी बोलायचं होतं. एका पँटीचा स्कर्ट झाला, दुसरी तू मोठी झाल्यावर लागेल म्हणून तिनं घडी करून ठेवली.

पुढचं तुला आठवतं, फक्त तुला ते चुकीचं आठवतं. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या. सासूबाई नातवंडांचं कवायत-गाणं बघायला आल्या होत्या, मी शेजारी. तू गोळ्या मोजायला खिसा उलटा केलास आणि ते लाल कापड बाहेर आलं. सासूबाई जागेवरून कशा उठल्या ते मला कळलंच नाही. तुझा हात धरून ओरडल्या, "ह्यो खिसा माजा हाय! माज्या इलासचा हाय! नदीला सोडला व्हता मी!" त्या बाईचं काळीज फाटलं होतं, त्यांना मी दोष देत नाही. पण मागून कुणीतरी बोललं, "नदीतनं काढलं आसंल. मढ्यावरचं घ्यायची सवय जातीय व्हय ह्यांची?" आणि दोन-चार जणी हसल्या. इंदू पोरींच्या रांगेमागं उभी होती. ती पुढं आली, रागावलेली नव्हती, अजून तिला खात्री होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "शालन, सांग की गं ह्यांना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासूबाईसुद्धा. मी सांगितलं असतं तर त्या घरात माझं काय झालं असतं, हे मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या, माहेरी धाडलं असतं चार महिने. मी म्हणाले, "मला काय म्हाईत? मी तर नदीला सोडून आले व्हते."

इंदूनं सासूबाईंच्या मुठीतून तुझा हात सोडवला. तुला घेऊन गेली. जाताना तू रडत तिला ओढत होतीस, "तू कशाला काढलंस गं नदीतनं?" असं विचारत होतीस. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

आठ दिवसांनी ती आमच्या अंगणात आली, उंबऱ्याला पाय न लावता ओट्यावर गाठोडं ठेवलं. म्हणाली, "तुमच्या घरचं तुमच्या घरी, वहिनी." शालनची वहिनी झाले ती त्या दिवशी. गाठोड्यात दोन पँटी होत्या. एक तशीच घडीची. दुसरी, जिचा स्कर्ट झाला होता, ती तिनं सगळी उसवून परत पँट केली होती. दोन्ही गुडघ्यांवर आडवी शिवण, मांड्यांवर चुण्यांच्या खुणा, आणि लाल चोरखिसा पुन्हा आपल्या जागी. सासूबाईंनी ती छातीशी धरली आणि मरेपर्यंत उशाशी ठेवली. गुडघ्यावरच्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणायच्या, "शिवलीय मातर झ्याक." तेवढंच कौतुक तिच्या वाट्याला आलं आमच्या घरातून.

मग बायांनी तिच्याकडं कपडे टाकणं बंद केलं. "कुठनं काय आणती, काय भरवसा," म्हणायच्या. सखूबाईसुद्धा. मी त्यांच्यात उभी असायचे. पुढं मंचरला तयार युनिफॉर्मची दुकानं झाली, तेव्हा गाव म्हणालं, आता कोण शिवून घेतंय, इंदूचं कामच गेलं. खोटं आहे ते. दुकानं यायच्या आधीच काम गेलं होतं. ती मंचरला कांदे निवडायला जायला लागली. ब्लेडनं कापड न दुखवता उसवणारी बोटं, ती दिवसभर सडके कांदे बाजूला करायची. तू नर्सिंगला गेलीस, आईनं शिवलेलं अंगाला लावेनाशी झालीस. हे मला तिनंच सांगितलं, गेल्या वर्षी, मंचरच्या स्टँडवर. शेवटची भेट ती. वाळली होती, खोकत होती. मी धीर करून विचारलं, "इंदू, पोरीला सांगितलंस का खरं?"

"काय सांगायचं, वहिनी?"

"कापड कुणी दिलं ते."

"सांगून काय? ती आता रेडिमेड घेती." आणि हसली. मग गाडी लागली तशी उठता उठता म्हणाली, "तुमी सांगाल म्हणून लई दिस थांबले व्हते." मी घरी ये म्हटलं, तर "बघू" म्हणाली.

मला वाचवायला ती गप्प राहिली, असं मी मनाला सांगत आले. आता तसं वाटत नाही. तिला माझं नाव पोरीसमोर तोंडात घ्यायचंच नसेल. किंवा तिची अपेक्षा एवढीच असेल, की ज्याचं खोटं त्यानं निस्तरावं. मी निस्तरलं नाही. ती गेल्यावर, जेव्हा मला कुणी काही विचारणार नाही आणि कुणाची भीती उरली नाही, तेव्हा लिहितेय. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, तू सांगायची गरज नाही.

तर सुजाता, तुझ्या आईनं करू नये ते काही केलं नाही. नदीतून काही काढलं नाही. ती प्रत्येक गाठोड्याला विचारायची, माझ्याही गाठोड्याला विचारलं, आणि मी खोटं बोलले.

ती पँट सासूबाईंच्या मागं माझ्याकडं आली. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. तुला ती द्यावी असं मी म्हणणार नाही. मेल्याचं कापड तुमच्या घरात न्यायचं नाही, हे मी एकदा मोडलं तेवढं पुरे झालं. पण गुडघ्यावरची ती शिवण तू एकदा बघावीस. सगळी शिवण तिनं हातानं घातलीय, मशीन वापरलं नाही. आणि टाके इतके बारीक, सासूबाईंच्या चोरखिशासारखे, तिला येत नाहीत म्हणाली होती तसे. कुठं शिकली, त्या आठ दिवसांत? मला एकटीला आता तिकडं बघवत नाही. लवकर ये. भांडायला ये, पण येशील तेव्हा चप्पल काढ आणि उंबऱ्याच्या आत ये.